रक्ताचे नाते आणि राज्याचे गुपित

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या महाविद्यालयातील एका माजी विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. गृहस्थ पोस्ट खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावाने सरळ. मुलगा अभियंता. वीसएक वर्षांपूर्वी अमेरिकेस गेला, तेथेच स्थायिक झाला आणि यथावकाश तेथील नागरिकही झाला. आता त्याला संरक्षण खात्याचे काम करणाऱ्या एका कंपनीत जागा मिळत होती. परंतु त्या जागेसाठी सरकारी सुरक्षा-तपासणीतून पार पडणे आवश्यक होते.

"सर, त्या फॉर्मात माझे नाव, माझा जन्म कुठला, मी नोकरी कुठे केली, आम्ही एकमेकांशी किती वेळा बोलतो, सगळे विचारले आहे म्हणे. पूर्वी दर रविवारी त्याचा फोन यायचा. आता महिना-महिना येत नाही. 'बाबा, थोडे दिवस बोलणे कमी करू या,' म्हणाला. माझ्यामुळे पोराची नोकरी अडणार असेल, तर आम्ही दोघे गप्प बसतो. पण हे असे खरेच असते का?"

मी राज्यशास्त्र शिकवितो. पण त्या दिवशी मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. पुढे वाचन केले, नियम पाहिले, काही निकाल वाचले. त्यातून जे हाती लागले ते विद्यार्थ्यांपुढे व सहकारी प्राध्यापकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. बेळगावच्या माणसाला सीमा म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बहीण गडहिंग्लजला, मामा चंदगडला आणि आपण येथे, अशी घरे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. अर्थात ही सीमा दोन राज्यांमधील आहे. देश एकच आहे. परंतु नाते सीमा ओलांडून जाते आणि कायदा मात्र सीमेपाशी थांबून विचारपूस करतो, हा अनुभव आपल्या परिचयाचा आहे.

सुरक्षा-परवाना म्हणजे काय?

अमेरिकेत ज्याला 'सिक्युरिटी क्लिअरन्स' म्हणतात त्याला आपण सोयीसाठी सुरक्षा-परवाना म्हणू. सरकारची गुप्त माहिती पाहण्यास एखादी व्यक्ती पात्र आहे, असा सरकारने दिलेला निर्वाळा म्हणजे हा परवाना होय. गुप्त माहितीच्या चढत्या क्रमाने तीन पायऱ्या आहेत: गोपनीय, गुप्त आणि अतिगुप्त. पायरी जितकी वरची, तितकी चौकशी खोल.

येथे तीन गोष्टी आरंभीच लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, हा परवाना कोणालाही स्वतः होऊन मागता येत नाही. सरकारी खाते किंवा सरकारी कंत्राट असलेली कंपनी 'या माणसाला या कामासाठी गुप्त माहिती लागणार आहे' असे म्हणते, तेव्हाच चौकशी सुरू होते. दुसरी अशी की, काही अपवाद सोडल्यास तो केवळ अमेरिकन नागरिकालाच मिळतो. म्हणजे आपण ज्यांची चर्चा करीत आहोत ते परकीय नव्हेत. ते नागरिकच आहेत, परकीय आहेत ते त्यांचे नातेवाईक. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हा परवाना कोणाचाही हक्क नाही. १९८८ साली अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने नौदल खाते विरुद्ध ईगन या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले. तो खटला नातेवाइकांसंबंधीचा नव्हता; पण त्यातून निघालेला नियम सर्वांना लागू पडतो. परवाना द्यावा की नाही हा निर्णय शासनाच्या कार्यकारी अंगाचा आहे, आणि चूक व्हावयाचीच असेल तर ती नकाराच्या बाजूने झालेली बरी, असे त्या निकालाचे सार आहे.

फौजदारी न्यायालयात आपण नेमके उलट तत्त्व शिकवितो: शंकेचा फायदा आरोपीला. येथे शंकेचा फायदा राज्याला मिळतो. १९९५ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेल्या १२९६८ क्रमांकाच्या आदेशातही हीच भूमिका आहे. याचे कारण असे की, फौजदारी खटला घडून गेलेल्या कृत्यासंबंधी असतो, तर सुरक्षा-परवाना हा पुढे काय घडू शकेल याचा अंदाज असतो. परवाना नाकारला म्हणजे माणूस अपराधी ठरला असे नव्हे. हा भेद कागदावर स्पष्ट आहे. ज्याला नकार येतो त्याच्या घरात मात्र तो इतका स्पष्ट राहत नाही.

वडिलांचे वर्तमानपत्र

नात्यावरून माणसाची पारख करण्याची ही पद्धत आजची नाही. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी सुरू केली. १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०४५० क्रमांकाचा आदेश काढून ती अधिक कडक केली. शीतयुद्धाचा तो काळ. साम्यवादाचा संशय हवेत भरून राहिलेला होता.

त्याच वर्षी मिशिगन राज्यात मायलो रॅडुलोविच नावाच्या तरुणाचे प्रकरण गाजले. हा विमानदलाच्या राखीव दलात लेफ्टनंट होता आणि मिशिगन विद्यापीठात शिकत होता. वय २६. त्याच्या स्वतःच्या निष्ठेविषयी विमानदलाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती वडिलांविषयी आणि बहिणीविषयी. वडील स्थलांतरित सर्ब कामगार. ते मातृभाषेतील वर्तमानपत्रे वाचीत आणि त्यांतील एक साम्यवादाकडे झुकणारे होते, असा आक्षेप होता. बहिणीची मते डावी होती. अशा माणसांशी त्याचा निकटचा व सततचा संबंध आहे, म्हणून तो सुरक्षिततेच्या दृष्टीने धोकादायक, असा निष्कर्ष काढण्यात आला. आरोपांमागील पुरावा त्याला दाखविला गेला नाही. वडिलांशी आणि बहिणीशी संबंध तोडण्यास त्याने नकार दिला.

एडवर्ड मरो या पत्रकाराने २० ऑक्टोबर १९५३ रोजी आपल्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमात हे प्रकरण मांडले. वडिलांच्या अपराधाची शिक्षा मुलाला द्यावी काय, आणि येथे तर वडिलांचा अपराधही सिद्ध झालेला नाही, हा प्रश्न लक्षावधी घरांत जाऊन पोहोचला. पाच आठवड्यांनी, २४ नोव्हेंबर १९५३ रोजी, विमानदल खात्याच्या सचिवांनी निर्णय फिरविला आणि रॅडुलोविचची जागा कायम राहिली.

दुसरे प्रकरण विल्यम ग्रीन या विमान-अभियंत्याचे. तो एका खाजगी कारखान्यात वरिष्ठ अधिकारी होता. १९५३ साली त्याचा परवाना रद्द झाला. आक्षेपांपैकी बरेचसे त्याच्या पहिल्या पत्नीच्या डाव्या मतांशी व ओळखींशी निगडित होते. आणि त्या पत्नीपासून तो आधीच विभक्त झालेला होता. परवाना गेला, पाठोपाठ नोकरी गेली. ज्यांनी त्याच्याविरुद्ध माहिती दिली ते कोण, हे त्याला कळलेच नाही. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, साक्षीदारांना समोर न आणता, त्यांची उलटतपासणी होऊ न देता माणसाचे उपजीविकेचे साधन हिरावून घेण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांनी वा कायदेमंडळाने या खात्याला दिलेला दिसत नाही. त्यानंतर १९६० साली १०८६५ क्रमांकाचा आदेश निघाला आणि खाजगी कारखान्यांतील नोकरांना लेखी कारणे, सुनावणी व उत्तर देण्याची संधी मिळू लागली.

या दोन प्रकरणांतून विद्यार्थ्यांनी एक गोष्ट घ्यावी. नात्याचा विचार करूच नये, असे कोणीही ठरविले नाही. ठरले ते इतकेच की, विचार उघडपणे व्हावा आणि ज्याच्याविषयी तो होतो त्याला बोलू द्यावे.

आजचा नियम

आज लागू असलेले निकष ८ जून २०१७ पासून अमलात आले. त्यांत 'ए' पासून 'एम' पर्यंत एकंदर १३ मार्गदर्शक सूत्रे आहेत. कर्ज, मद्यपान, मादक द्रव्ये, गुन्हेगारी वर्तन, गुप्त कागद हाताळण्यातील बेफिकिरी असे विषय त्यांत येतात. आपल्या प्रश्नाशी संबंध आहे तो दुसऱ्या, म्हणजे 'बी' सूत्राचा. त्याचे नाव 'परकीय प्रभाव'.

या सूत्राचा गाभा दोन भीतींमध्ये आहे. पहिली भीती दुभंगलेल्या निष्ठेची: माणसाचे मन दोन देशांत वाटले गेले असेल काय? दुसरी भीती दडपणाची: माणूस स्वतः निष्ठावान असला, तरी त्याच्या परदेशातील आईबापांना, भावंडांना त्रास देऊन त्याला वाकविता येईल काय? दुसऱ्या भीतीत अर्जदाराच्या चारित्र्यावर शिंतोडा नाही. उलट, जो आईवडिलांवर अधिक प्रेम करतो त्याच्यावरच दडपण अधिक चालते. चांगला मुलगा असणे हीच येथे दुबळी बाजू ठरू शकते. या नियमातील खरी वेदना ती हीच.

तरीही परदेशात नातेवाईक असणे एवढ्यावरून परवाना नाकारला जात नाही. त्या नात्यामुळे शोषणाचा, आमिषाचा, दडपणाचा किंवा जबरदस्तीचा 'वाढीव धोका' निर्माण होतो काय, हे पाहावयाचे असते. कोणताही माणूस कधीतरी दडपणाखाली येऊ शकतो. त्या सर्वसाधारण धोक्यापेक्षा हा अधिक असावा लागतो. हा उंबरठा मात्र फारसा उंच नाही. तो ओलांडला गेला की पुढील जबाबदारी अर्जदारावर येते. आपल्या बाबतीत हा धोका का चिंताजनक नाही, हे त्याला पटवून द्यावे लागते.

ते पटवून देताना पुढील मुद्दे उपयोगी पडतात:

१. नाते कोणत्या देशाशी आहे? अमेरिकेची गुपिते मिळविण्यासाठी धडपडणारा, नागरिकांना छळणारा किंवा दहशतवादाने ग्रासलेला तो देश आहे काय? नकाशावरील जागा एकटी निर्णायक नसते, पण तिचे वजन मोठे असते.

२. नातेवाईक कोण आहेत? निवृत्त शिक्षक आणि गुप्तहेर खात्यातील अधिकारी यांत फरक केला जातो.

३. संबंध किती निकटचे आहेत? क्वचित होणारी वरवरची गाठभेट हलकी मानली जाते. परंतु आईवडील, भावंडे, मुले यांच्याशी असलेला संबंध वरवरचा नसतो, असेच गृहीत धरले जाते. सासूसासऱ्यांविषयीही जिव्हाळा असणार, असे प्रथमदर्शनी मानतात.

४. अर्जदाराची पाळेमुळे अमेरिकेत किती खोल आहेत? घर, संसार, मुलांच्या शाळा, वर्षानुवर्षांची नोकरी, समाजातील वावर यांवरून, प्रसंग आलाच तर तो अमेरिकेच्या हिताच्या बाजूने उभा राहील, असे म्हणता येईल काय?

५. परदेशात मालमत्ता किती? ती त्याच्या एकूण मिळकतीच्या मानाने इतकी आहे काय, की तिच्यासाठी त्याला वेठीस धरता येईल?

६. त्याने सर्व काही वेळच्या वेळी कळविले आहे काय?

या सर्वांवर आणखी एक तत्त्व आहे. त्याला 'संपूर्ण व्यक्ती'चा विचार म्हणतात. एकाच धाग्यावरून निर्णय न करता माणसाचे वय, समज, आजवरचे वर्तन, चुकीची पुनरावृत्ती होण्याची शक्यता हे सारे एकत्र तोलून पाहावयाचे असते.

माहिती घेतली जाते ती मुख्यतः एका लांबलचक प्रश्नावलीतून. 'एसएफ-८६' या नावाने ती ओळखली जाते आणि तिची पाने शंभराहून अधिक आहेत. आईवडील, सावत्र आईवडील, भावंडे, मुले, सासूसासरे या सर्वांची नावे, जन्मस्थळे, नागरिकत्व तीत द्यावे लागते. परकीय नातेवाइकाचा तेथील सरकार, लष्कर किंवा गुप्तहेर खाते यांच्याशी संबंध आहे काय आणि त्याच्याशी बोलणे किती वेळा होते, हेही विचारलेले असते. जाणूनबुजून खोटे लिहिणे हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कंपनीतील नोकराच्या बाबतीत आक्षेप निघाला तर त्याला कारणांचे लेखी निवेदन मिळते. त्याला उत्तर देता येते, प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते आणि निकाल विरुद्ध गेल्यास अपील मंडळाकडे जाता येते. हे निकाल अर्जदाराचे नाव वगळून प्रसिद्ध केले जातात. राज्यशास्त्राच्या आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

तीन कल्पित अर्जदार

नियम उदाहरणावाचून डोक्यात शिरत नाही. म्हणून तीन उदाहरणे घेऊ. तिन्ही कल्पित आहेत.

पहिला अर्जदार मूळचा बेळगावचा. आईवडील येथेच राहतात. वडिलांना सरकारी निवृत्तिवेतन मिळते. तो दर आठवड्यास फोन करतो, दोन वर्षांनी एकदा येऊन जातो. अमेरिकेत त्याचे घर आहे, मुले तेथेच जन्मली. येथे आक्षेप निघूच शकणार नाही असे नव्हे. नाते निकटचे आहे आणि वडिलांचे निवृत्तिवेतन परक्या सरकारच्या हाती आहे. परंतु भारत हा लोकशाही देश आहे, अमेरिकेशी त्याचे संबंध शत्रुत्वाचे नाहीत, वडील कोणत्याही संवेदनशील जागेवर नव्हते आणि अर्जदाराने सारे उघड सांगितले आहे. अशा अर्जदाराची बाजू भक्कम म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या अर्जदाराचे सासरे चीनमध्ये राहतात आणि ते तेथील लष्करात अधिकारी होते. येथे अर्जदार कितीही प्रामाणिक असला तरी पारडे जड होते. सासऱ्यांवर त्या राज्यसत्तेची पकड आहे आणि ती सत्ता अमेरिकेची गुपिते शोधीत असते. पत्नीने अमेरिकन नागरिकत्व घेतले असले, तरी तिचे वडील तेथेच आहेत.

तिसरा अर्जदार पहिल्यासारखाच. फक्त येथील घरात भावाबरोबर त्याचेही नाव आहे, ते त्याने लिहिले नाही. 'उगाच कशाला वाढवा' असे त्याला वाटले. पुढे ते उघडकीस आले. त्या घराने त्याला क्वचितच अडविले असते. पण लपविल्यामुळे 'ई' सूत्राखाली, म्हणजे वैयक्तिक वर्तनाखाली, नवा आक्षेप उभा राहिला. 'हा आणखी काय लपवील?' हा प्रश्न आता विचारला जाणार. शिवाय लपविलेली गोष्ट ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हाती दडपणाचे साधन आयतेच सापडते.

तिघांत सर्वांत अधिक नुकसान कोणी स्वतःच्या हाताने करून घेतले, हे सांगावयास नकोच.

भीती किती खरी?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नात्याची ही भीती खरी की पोकळ?

ती सर्वस्वी पोकळ नाही. २०१८ साली वॉशिंग्टन येथील रेडिओ फ्री एशियाच्या उइगुर विभागातील पत्रकारांचे शिनजियांगमधील नातेवाईक तेथील अधिकाऱ्यांनी पकडून ठेवल्याचे जगापुढे आले. हजारो मैल दूर बसलेल्या माणसाचे तोंड बंद करण्यासाठी घरच्यांवर हात टाकला जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावयास नको. प्रेमसंबंधांचाही असाच उपयोग केला जातो. क्लेटन लोनट्री हा मॉस्कोतील अमेरिकन वकिलातीवर पहारा देणारा सैनिक एका रशियन तरुणीच्या मार्फत सोव्हिएत हेरखात्याच्या जाळ्यात सापडला आणि १९८७ साली त्याला शिक्षा झाली. शॅरन स्क्रॅनेज ही सी.आय.ए.ची कर्मचारी घाना येथे असताना आपल्या घानाई मित्राला गुप्त माहिती देत असे. तिला १९८५ साली अटक झाली.

परंतु चित्राची दुसरी बाजू तितकीच ठळक आहे. जॉन वॉकर याने अमेरिकन नौदलाची गुपिते अनेक वर्षे सोव्हिएत रशियाला विकली. तो १९८५ साली पकडला गेला. रॉबर्ट हॅन्सन हा एफ.बी.आय.मधील अधिकारी २००१ साली सापडला. त्याचा जन्म शिकागोचा. दोघांनाही परदेशातील म्हातारे आईबाप नव्हते. दोघांनीही पैसा घेतला होता. म्हणजे ज्यांच्या वंशावळीत शंकेला जागा नव्हती, त्यांनीच राज्याचे अपरिमित नुकसान केले. वंशावळ पाहून निश्चिंत होणारा पहारेकरी एका दाराकडे पाहतो आणि दुसरे दार उघडे ठेवतो.

तिसरी बाजू इतिहासाने शिकविली आहे. १९४२ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी काढलेल्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य लोक जन्माने अमेरिकन नागरिक होते. त्याच वेळी जपानी कागद वाचण्यासाठी आणि कैद्यांशी बोलण्यासाठी लष्कराला दुभाषे हवे होते. ते मिळाले कोठून? याच समाजातून. लष्कराच्या भाषाशाळेतून युद्धकाळात सुमारे ६,००० जण शिकून बाहेर पडले आणि त्यांतील बहुतेक जपानी वंशाचे होते. काहींचे आईवडील तारेच्या कुंपणाआड होते आणि मुलगा आघाडीवर होता. ज्या नात्यामुळे संशय आला, त्याच नात्याने दिलेली भाषा राज्याच्या उपयोगी पडली. १९८८ साली कायदा करून अमेरिकेने या लोकांची क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर भरपाई दिली.

म्हणून प्रश्न 'नाते पाहावे की न पाहावे' असा नाही. एका माणसाचे एक नाते तपासून पाहणे आणि एका समाजाच्या सर्व नात्यांवर सरसकट शिक्का मारणे, यांतील अंतर राज्याला राखता येते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे काय?

हे सारे परदेशातील झाले, असे विद्यार्थ्यांनी समजू नये. केंद्र सरकारच्या नोकरीत शिरताना चारित्र्य व पूर्ववृत्त यांच्या पडताळणीसाठी जो साक्षांकन-नमुना भरावा लागतो, त्यात आईवडील, पती वा पत्नी, भावंडे यांचे राष्ट्रीयत्व व जन्मस्थळ विचारलेले असते. मुलगा-मुलगी परदेशात शिकत वा राहत असल्यास तेही लिहावे लागते. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम १९६४ मधील २१ व्या नियमानुसार, सरकारी नोकराने परकीय व्यक्तीशी विवाह केल्यास ते सरकारला तत्काळ कळविणे बंधनकारक आहे.

गोव्यातील वाचकांना हा विषय अधिक जवळचा वाटेल. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना काही अटींवर पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदविता येते. ते स्वेच्छेने घेतल्यास नागरिकत्व कायदा १९५५ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यामुळे एक भाऊ भारतीय आणि दुसरा पोर्तुगीज अशी घरे तेथे नवलाची नाहीत. त्यांतील भारतीय भाऊ केंद्र सरकारच्या नोकरीसाठी नमुना भरावयास बसला, की भावाच्या नावापुढील राष्ट्रीयत्वाचा रकाना त्याला खरा भरावाच लागणार.

या संदर्भात एक उदाहरण आवर्जून सांगावेसे वाटते. के. आर. नारायणन हे भारतीय परराष्ट्र सेवेत होते आणि रंगूनला असताना त्यांची मा टिंट टिंट या ब्रह्मी युवतीशी ओळख झाली. परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्याला परकीय व्यक्तीशी विवाह करण्यास मनाई होती. पंतप्रधान नेहरूंनी विशेष अनुमती दिली आणि १९५१ साली विवाह झाला. पत्नीने उषा हे नाव घेतले व त्या भारतीय नागरिक झाल्या. पुढे नारायणन चीनमध्ये आणि अमेरिकेत भारताचे राजदूत झाले आणि १९९७ ते २००२ या काळात राष्ट्रपती. नियम होता, परंतु नियमापाशी न थांबता माणूस पाहिला गेला. तो पाहिला गेला नसता तर कोणाचे नुकसान झाले असते, हे वाचकांनीच ठरवावे.

समारोप

त्या गृहस्थांना मी पुन्हा बोलावून घेतले आणि मला जे कळले ते सांगितले. नोकरी मिळेलच असे मी म्हटले नाही. तसे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मी एवढेच सांगितले की, बाप असणे हा दोष म्हणून कोठेही लिहिलेला नाही. फोन कमी केल्याने बाप परका होत नाही आणि तपासणाराही तसे मानीत नाही. आईवडिलांशी असलेले नाते तो निकटचेच धरून चालतो. मुलाने मोकळेपणी लिहावे: दर रविवारी बोलतो, आईच्या औषधाला पैसे पाठवितो, घरात माझा वाटा आहे किंवा नाही. खरे लिहिलेले नाते तोलता येते. लपविलेले नाते मात्र तोलता येत नाही, आणि ज्याचे वजन कळत नाही त्याचीच भीती अधिक वाटते.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे रविवारी मीच फोन लावतो."

राज्याला आपली गुपिते जपण्याचा अधिकार आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु आईबापांची विचारपूस करणारा मुलगा त्या विचारपुशीपायी संशयित ठरू नये, याचीही काळजी राज्याने घेतली पाहिजे. लेखी कारणे, सुनावणी, अपील आणि संपूर्ण माणसाचा विचार या चार गोष्टी त्यासाठी आहेत. त्या रॅडुलोविच आणि ग्रीन यांच्यासारख्यांनी सोसलेल्या अन्यायातून आलेल्या आहेत, याचे विस्मरण होऊ देऊ नये.

विद्यार्थ्यांसाठी विचारार्थ प्रश्न

१. फौजदारी खटल्यात शंकेचा फायदा आरोपीला आणि सुरक्षा-परवान्यात तो राज्याला, हा भेद आपणास योग्य वाटतो काय? कारणे द्या.

२. 'दुभंगलेली निष्ठा' आणि 'नातेवाइकांमार्फत येणारे दडपण' यांतील फरक स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.

३. दुसऱ्या कल्पित अर्जदाराच्या बाजूने आपण वकील म्हणून उभे राहिल्यास कोणते मुद्दे मांडाल?

४. परकीय नात्यामुळे धोका निर्माण होतो, तशीच भाषेची व संस्कृतीची जाणही मिळते. या दोहोंचा मेळ राज्याने कसा घालावा?